चाखनवीसाची विजार

मेव्हिस गॅरटनं त्या आठवड्यात नवऱ्याला एकच काम सांगितलं होतं. काहीही करू नकोस.

"काहीही म्हणजे?" नॉर्मननं विचारलं.

"काहीही म्हणजे काहीही. तळघरात उतरू नकोस, पिंपांना हात लावू नकोस, नळ्या धुऊ नकोस. शनिवारी चाखणी आहे. तोवर तू फक्त श्वास घे, सोन्या. तोही जरा बाजूला उभा राहून."

मेव्हिस सगळ्यांनाच सोन्या म्हणायची. पोस्टमनला, पाद्रीबुवांना, आणि वेळ आली तर दारातून हाकलून देताना झिंगलेल्या गिऱ्हाइकालाही. त्यामुळे नॉर्मनला त्यात फारसा दिलासा वाटला नाही.

नॉर्मन तसा वाईट माणूस नव्हता. त्याला रिकामं बसवत नसे, एवढाच त्याचा दोष. मागे त्यानं खिडकीजवळच्या डुगडुगत्या टेबलाचा पाय सरळ केला, तेव्हा त्या टेबलावर जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांनी महिनाभर बिअर सांडली. त्यांचे हात डुगडुगीला सरावलेले होते. शेवटी मेव्हिसनं करवत घेतली आणि पाय पुन्हा आखूड केला.

तर हे जोडपं चालवत होतं तो पब म्हणजे 'लेम डक'. पाटीवर पायाला पट्टी बांधलेलं एक लंगडं बदक आहे, त्यामुळे आमच्या टिंडलफर्डमध्ये कोणी "पबात जातो" म्हणत नाही, "बदकात जातो" म्हणतात. चौकापलीकडे दुसरा पब आहे, 'किंग्ज हेड'. त्याच्या पाटीवर राजाचं मुकुटासकट मुंडकं आहे. तिथे जाणारे "मुंडक्यात जातो" म्हणतात, आणि बदकातली माणसं त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलतात.

दरवर्षी मे महिन्यात गावचा चाखनवीस या दोन्ही पबांची बिअर तपासतो. तपासायची रीत जुनी आहे. पबाच्या बाहेरच्या बाकावर ग्लासभर बिअर ओतायची, चाखनवीसानं कातडी विजार घालून त्या ओल्यावर बसायचं आणि दुसरा ग्लास सावकाश प्यायचा. मग उठायचं. नीट उठता आलं तर बिअर चोख. विजार बाकाला चिकटली तर लबाड मालकानं बिअरमध्ये साखर घातली, असा निकाल. पास झालेल्या पबाच्या दारावर हॉलीच्या झुडपाची हिरवी डहाळी लागते आणि वर्षभर तिथेच वाळते. आजवर कोणी नापास झाल्याचं गावात कोणालाही आठवत नव्हतं.

यंदा मात्र त्या डहाळीवर मेव्हिसचा जीव टांगलेला होता. पबाची मालकी एका कंपनीची होती. त्या कंपनीचे रेडपाथ नावाचे एक साहेब मार्चमध्ये येऊन गेले होते. मेव्हिसच्या तळघरात पिंपं आडवी झोपलेली असत, त्यांत बिअर जिवंत असे, हळूहळू निवळत असे, आणि हातपंपाचा दांडा ओढून ती वर आणावी लागे. रेडपाथसाहेबांना हा सगळा प्रकार म्हणजे वेळेचा खून वाटला.

"बटण दाबलं की फसफसणारी गार लागर बिअर," ते म्हणाले. "पिंपं निवळायची वाट कोण बघतं हल्ली?"

"मी बघते," मेव्हिस म्हणाली.

"हे बघा बाई, तुमच्या या डहाळीपायी पर्यटक येतात म्हणून मी गप्प आहे. ज्या वर्षी डहाळी जाईल, त्या वर्षी पंप जातील. मी स्वतः येईन चाखणीला."

त्या रात्री मेव्हिस तळघरात जाऊन पिंपांशेजारी बराच वेळ बसली होती. त्या पंपांचे दांडे तिच्या आईनं ओढले होते, आजीनंही ओढले होते. बटण दाबायला तर काय, कोणीही चालतं.

शुक्रवारी दुपारी मेव्हिस फुलं आणायला बाजारात गेली आणि नॉर्मन बाहेर येऊन श्वास घेत उभा राहिला. समोर बाक होता. पावसानं तो पार राखाडी पडला होता. उद्या कंपनीचे साहेब येणार, आणि आपला बाक हा असा. नॉर्मनला राहवेना. पिंपाला हात लावू नकोस असं ती म्हणाली होती, बाकाचं नाव काही तिनं घेतलं नव्हतं. त्यानं व्हार्निशचा डबा काढला.

शनिवारी सकाळी त्यानं बोट लावून पाहिलं. डावी बाजू वाळली होती. उजवी बाजू वळचणीखाली होती, तिथे रात्रभर पागोळ्या गळत होत्या, आणि तिथलं व्हार्निश अजून गुळाच्या पाकासारखं होतं. नॉर्मन घाबरला नाही. त्यानं उजव्या टोकावर जिरेनियमची एक मोठी कुंडी आणून ठेवली. चाखनवीस आपोआप डावीकडे बसेल आणि कोणाला काही कळणारही नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो न्याहारीला गेला.

दहा वाजता मिरवणूक आली. पुढे घंटा वाजवत दवंडीवाला हॉरेस, मागे गाव. मधोमध चाखनवीस सेड्रिक प्लम. सेड्रिक म्हणजे निवृत्त पोस्टमन, देहानं दांडगा आणि मनानं सरळ. अंगावर लांब लाल झगा आणि खाली ती गावच्या मालकीची कातडी विजार. कुठल्यातरी सडपातळ पूर्वजाच्या मापानं ती शिवलेली होती. सेड्रिकला तिच्यात घालायला दरवर्षी त्याची बायको विनिफ्रेड आणि शेजारीण अशा दोघी लागत. कमरेच्या दोन्ही बाजूंना बटणं होती, आणि ती लावताना विनिफ्रेड गुडघा वापरायची.

रेडपाथसाहेब सूट घालून दारात उभे होते. त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून 'किंग्ज हेड'चा मालक टेरेन्स बक. या बकला आपल्या पबाची जाहिरात करायचं वेड होतं. ते मुकुटवालं मुंडकं त्यानं कपांवर छापलं होतं, टोप्यांवर छापलं होतं, आणि नाताळच्या सोडतीत तर कमरेखालच्या वस्तूंवरही छापून वाटलं होतं.

हॉरेसनं घंटा वाजवली. "ऐका हो ऐका! चाखनवीस कातडी विजार घालून बाकावर बसेल. ग्लास रिकामा झाल्याशिवाय उठणार नाही. तो उठला आणि त्याच्यामागे बाकही उठला, तर पब नापास, डहाळी जप्त! बाकाला चरबी, साबण, मेण किंवा दुसरं काहीही फासलेलं आढळलं, तरीही डहाळी जप्त!"

"नियम म्हणजे नियम," बक मोठ्यानं म्हणाला.

मेव्हिसनं बाकावर ग्लासभर बिअर ओतली. सेड्रिकनं झगा मागून उचलला आणि तो उजव्या टोकाला फतकल मारून बसला. पहिला घोट घेतला. डोळे मिटले.

"हं," तो म्हणाला.

सेड्रिकच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे मोठीच गोष्ट. विनिफ्रेडला लग्नात होकार देतानाही तो नुसतं "बरं" म्हणाला होता. मेव्हिसचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात नॉर्मन टोस्ट चावत बाहेर आला. त्यानं सेड्रिककडे पाहिलं. मग खिडकीत ठेवलेल्या कुंडीकडे पाहिलं. टोस्ट तोंडातच राहिला.

"मेव्हिस, ती कुंडी तिथे कोणी ठेवली?"

"मी. चाखनवीस काय कुंडीला मांडीवर घेऊन बसणार होता?"

"नाही म्हणजे... तिकडे जरा ओलं होतं."

"ओलं असणारच. बिअर ओतायचीच असते."

"बिअरचं नाही. व्हार्निशचं."

मेव्हिसनं त्याला दंडाला धरून दाराआड ओढलं. "तू काय केलंस?"

"थोडंसंच लावलं."

"थोडंसं म्हणजे?"

"दोन हात," नॉर्मन म्हणाला, आणि मग ओशाळून पुढे म्हणाला, "तिसरा द्यायचा राहिला."

मेव्हिसनं मनात हिशेब केला. खरं सांगावं तर बाकाला काहीतरी फासलं म्हणून डहाळी जाणार. गप्प बसावं तर सेड्रिक उठताना बाक घेऊन उठणार आणि डहाळी जाणारच. तिनं बाहेर डोकावून पाहिलं. सेड्रिकचा ग्लास अर्ध्याच्या खाली आला होता. आणि ग्लास रिकामा झाल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं.

मेव्हिसनं जग भरून घेतला आणि ती धावली.

"सेड्रिक सोन्या, एवढ्याशा बिअरनं कुठे पारख होते का?" असं म्हणत तिनं ग्लास काठोकाठ भरला. सेड्रिकला आश्चर्य वाटलं, पण वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या. यंदा तपासणी फारच कसून चालली आहे, असं पाद्रीबुवा म्हणाले.

पावसाची बुरबुर सुरू झाली. कोणी हललं नाही. छत्री उघडणं म्हणजे पाऊस पडतोय हे कबूल करणं, आणि आमच्याकडे मे महिन्यात ते कोणी कबूल करत नाही.

तिसऱ्या ग्लासाच्या वेळी सेड्रिकनं जरा बैठक बदलायला म्हणून अंग हलवलं. त्याच्याबरोबर बाकही हलला. सेड्रिक थबकला. पुन्हा जरा हलला. पुन्हा बाक हलला. त्याचा चेहरा हळूहळू इतका उतरला की विनिफ्रेडला वाटलं, याला आता कोणाचं तरी मरण आठवलं. मेव्हिस जग घेऊन आली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मेव्हिस," तो कुजबुजला, "तू साखर घातलीस?"

"मी? मी चहातसुद्धा घालत नाही!"

"मग हे काय? जीभ म्हणतेय की अशी बिअर गेल्या दहा वर्षांत झाली नाही. आणि बूड म्हणतंय की साखर आहे. मी कोणाचं ऐकू?"

मेव्हिसनं खाली वाकून ग्लास भरता भरता त्याच्या कानात सगळं सांगितलं. सेड्रिकच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला, मग राग.

"त्या नॉर्मनला सांग, मी इथून सुटलो की पहिल्यांदा त्याच्याकडेच येणार आहे."

"तू आधी सूट तर."

"आणि मेव्हिस," सेड्रिक आणखी हळू आवाजात म्हणाला, "हा चौथा ग्लास आहे. माझं वय बघ. लवकर काहीतरी कर."

तिकडे नॉर्मन गप्प बसला नव्हता. व्हार्निश कशानं सुटतं हे त्याला माहीत होतं. तो मागच्या खोलीतून टर्पेंटाइन घेऊन आला. बाटली दिसली तर बोंब होईल म्हणून त्यानं ते जिनच्या छोट्या ग्लासात ओतून घेतलं. बाकाच्या मागून हळूच थोडं थोडं सोडायचं, असा त्याचा बेत होता. खिडकीच्या कट्ट्यावर त्यानं ग्लास टेकवला आणि सेड्रिकच्या मागे जायला जागा कुठून आहे ते तो पाहू लागला. वळून बघतो तर ग्लास रेडपाथसाहेबांच्या हातात.

"साहेब, ते..." नॉर्मन म्हणाला. पण साहेबांचा घोट घेऊन झाला होता.

रेडपाथसाहेबांचे कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी आलं. तो घोट त्यांनी कुंडीत थुंकला, रुमालानं ओठ टिपले, आणि सभ्य माणूस म्हणून त्यांना जे बोलणं भाग होतं ते ते बोलले.

"स्वच्छ आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एकदम... आधुनिक."

मग त्यांना जो ठसका लागला तो थांबेना. मेव्हिसनं त्यांच्या पाठीत दोन दणके घातले आणि अर्धा पाइंट बिअर हातात कोंबली. "चूळ भरा, सोन्या." रेडपाथसाहेबांनी चूळ भरायला म्हणून घोट घेतला, आणि चूळ टाकायचं राहून गेलं. त्यांनी तो गिळला. ग्लासाकडे पाहिलं. आणखी एक घोट घेतला, आणि कोणी बघतंय का ते पाहिलं. इतकी वर्षं बिअरच्या कंपनीत नोकरी करून या माणसानं पिंपातली बिअर कधी तोंडाला लावली नव्हती.

बकला मात्र संशय आला होता. तो बाकाजवळ येऊन उभा राहिला. "काय रे सेड्रिक, आज मुक्काम इथेच का? माझ्या दारात डहाळीसाठी खिळा ठोकून ठेवलाय मी."

"चव बघतोय," सेड्रिक म्हणाला. त्यानं मांड्या घट्ट आवळल्या होत्या.

"चार ग्लास चव? हा शेवटचा." मेव्हिस जग घेऊन पुढे झाली, तसा बकनं ग्लासावर तळहात ठेवला. "बस झालं. ग्लास रिकामा झाला की चाखनवीस उठतो. नियम म्हणजे नियम. ऊठ."

सगळं गाव जरा पुढे सरकलं. मेव्हिसनं पदराचा बोळा करावा तसा ॲप्रनचा बोळा मुठीत आवळला. नॉर्मननं डोळे मिटून घेतले. आणि तेव्हा गर्दीतून विनिफ्रेड पुढे आली. नवरा चाळीस वर्षं समोर बसलेला बघितल्यावर बायकोला तो कसा बसला की काय झालेलं असतं ते कळतं.

"अरे, झग्याला किती चुण्या पडल्यात," ती म्हणाली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "गावासमोर असाच उठणार होतास? हात वर कर."

"विनिफ्रेड, मला..."

"हात वर."

तिचे दोन्ही हात झग्याखाली गेले. एक बटण सुटल्याचा आवाज झाला. मग दुसऱ्याचा. एका बटणाला तिनं सवयीनं गुडघाही लावला. सेड्रिकचं पोट सकाळपासून पहिल्यांदाच सैल झालं आणि त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"आता ऊठ," ती कानात म्हणाली. "सरळ वर. आणि झगा धरून ठेव."

सेड्रिक उठला. झगा घोट्यापर्यंत खाली आला. बाक जागेवरच राहिला. आणि बाकावर, जशीच्या तशी, गुडघे वाकवून, कातडी विजार बसून राहिली. इतकं जुनं आणि कडक कातडं ते, मालक गेल्याचं तिच्या गावीही नव्हतं.

आमच्या गावची माणसं सभ्य. सगळे एकदम आभाळाकडे बघू लागले. पाऊस उघडेलसं दिसतंय, असं दोघंतिघं म्हणाले.

हॉरेसनं बराच विचार केला. "चाखनवीस उठला?" त्यानं गर्दीला विचारलं.

"उठला!"

"त्याच्यामागे बाक उठला?"

"नाही उठला!"

"मग पास."

"पास कसा?" बक किंचाळला. "विजार! विजार बसलीय तिथे!"

"विजारीनं उठावं असं नियमात नाही," हॉरेस म्हणाला. "आणि नियम म्हणजे काय, ते तू सकाळपासून सांगतोयस."

"हा सेड्रिक विकला गेलाय! बदकाचा माणूस आहे हा! तुम्ही सगळे..."

तेवढ्यात चौकातून वाऱ्याचा एक झोत आला. सेड्रिकनं झगा पुढून धरला होता. मागून तो निशाणासारखा वर गेला. खाली पिवळीधमक चड्डी होती, तिच्यावर मुकुट घातलेलं राजाचं मुंडकं होतं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'बसावं तर किंग्ज हेडमध्ये!'

"नाताळच्या सोडतीत लागली होती," विनिफ्रेड शांतपणे म्हणाली. "कापड चांगलं आहे."

आता एवढ्या सभ्य गावालाही आभाळाकडे बघवेना. पाद्रीबुवा भिंतीला टेकून खाली बसले. बकनं सेड्रिककडे रोखलेलं बोट खाली घेतलं. आपल्याच पबाची जाहिरात नेसलेल्या माणसाला बदकाचा दलाल कसं म्हणणार? हॉरेसनं शिडी लावली, वाळकी डहाळी काढली आणि दारावरच्या लंगड्या बदकाच्या डोक्यावर हिरवी लावली. मेव्हिस रडत होती आणि रडत रडतच नॉर्मनच्या पाठीत धपाटे घालत होती.

"चला, आता माझ्याकडे," बक खेकसला.

"चला," हॉरेस म्हणाला. "चाखनवीस, विजार घाला."

सगळ्यांनी विजारीकडे पाहिलं.

"सोडवा तिला," बक म्हणाला.

"चाखणी संपेपर्यंत बाकाला हात लावता येत नाही," हॉरेस म्हणाला. "आणि विजारीशिवाय चाखणी होत नाही. तुझी बिअर इकडे आण."

"बदकात? माझी बिअर? मी स्वतः?"

"नियम म्हणजे नियम, टेरेन्स."

बक गेला. आपल्या बिअरचा जग दोन्ही हातांत धरून तो अख्ख्या गावादेखत चौक ओलांडून बदकाच्या दारात आला. त्यानं ग्लासभर बिअर बाकावर ओतली. सेड्रिक संडासाच्या दिशेनं निघाला होता, त्याला परत आणण्यात आलं.

"दोनच मिनिटं," हॉरेस म्हणाला.

"मला दोन मिनिटं नाहीयेत!"

"तो संडासातून तासभर येणार नाही!" बक ओरडला. "आत्ताच्या आत्ता बसव त्याला!"

सेड्रिक पुन्हा विजारीत उतरला, घरी परतल्यासारखा. वारा गार सुटला होता म्हणून विनिफ्रेडनं बटणंही लावून टाकली. बकचा ग्लास त्याच्या हातात आला. पहिल्या घोटाला "हं" आलं नाही. दुसऱ्या घोटाला सेड्रिकच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं डोळे गच्च मिटले, उरलेला अख्खा ग्लास एका दमात रिकामा केला आणि तो उठला.

यावेळी बटणांची आठवण विनिफ्रेडलाही राहिली नाही आणि सेड्रिकला तर कशाचीच राहिली नव्हती. तो पळाला. त्याच्यामागे बाक पळाला. पाद्रीबुवा वेळेवर बाजूला झाले. बोळातून मागच्या अंगणात धडधडाट ऐकू आला आणि मग मोठा ठोका. संडासाचं दार माणसाच्या मापाचं होतं, बाक त्यात आडवा जाणं शक्यच नव्हतं.

"बाक उठला का?" हॉरेसनं गर्दीला विचारलं.

आता बकच्या तोंडावर "हो" कोण म्हणणार? सगळे बुटांकडे बघत उभे राहिले. मागून सेड्रिकचा आवाज आला.

"विनिफ्रेड! बटणं!"

"उठला," हॉरेस म्हणाला.

"त्या बाकाला काहीतरी फासलंय!" बक थयथय नाचू लागला. "तपासा तो!"

"त्याच बाकावर तू आपल्या हातानं बिअर ओतलीस. तेव्हा तपासायचा होतास."

सेड्रिक बऱ्याच वेळानं बाहेर आला, झगा गुंडाळून आणि चेहऱ्यावर संतासारखं समाधान घेऊन. नॉर्मन खाली मान घालून त्याच्यापुढे गेला. "सेड्रिक, बकवर अन्याय झाला रे. आपण सांगून टाकू या का?"

"कसला अन्याय?" सेड्रिक म्हणाला. "मधासारखी गोड होती त्याची बिअर. जिभेला पहिल्या घोटातच कळलं. मेव्हिसचंही जिभेनंच पहिल्या घोटाला ठरवलं होतं. मी इतकी वर्षं बुडाचं ऐकत आलो, ही चूक माझी." मग त्याला काहीतरी आठवलं. "आणि तू जरा इकडे ये."

नॉर्मन तळघरात पळाला.

दुपारपर्यंत गर्दी पांगली. बाक चौघांनी उचलून पुन्हा जागेवर आणून ठेवला. विजार तशीच त्याच्यावर बसलेली होती. मेव्हिस रेडपाथसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, डहाळी लागली. आता पंपांचं?"

रेडपाथसाहेबांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे बाई, मुख्य कचेरीला विचारावं लागेल. यंत्रांची ऑर्डर गेलीय. माझ्या एकट्याच्या हातात..." आणि वाक्य तिथेच सोडून ते ग्लास घेऊन बाहेर गेले.

मेव्हिसचा चेहरा पडला. दाराच्या काचेतून तिला दिसलं, की साहेब बाकाकडे निघालेत. ते विजारीच्या शेजारी, वळचणीच्या अगदी खाली बसले. सोबत्याच्या गुडघ्यावर टेकावं तसं कोपर त्यांनी विजारीच्या गुडघ्यावर टेकवलं.

तळघराच्या जिन्यातून नॉर्मनचं डोकं वर आलं. "अगं, तिथे अजून ओलं..."

मेव्हिसनं त्याची बाही धरली. "बसू दे."

साहेबांनी सावकाश ग्लास संपवला. घड्याळ बघितलं. उठायला लागले आणि परत खाली बसले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रस्त्यानं जाणारे दोघंतिघं त्यांना बघून आभाळाकडे बघू लागले. साहेबांनी पुन्हा एकदा, जरा जोर लावून पाहिलं. मग त्यांनी टाय सरळ केला आणि आत हाक मारली.

"बाई, आणखी अर्धा पाइंट मिळेल का?"

"लागर आणू का, साहेब?"

"नको. ती, दांड्याची." त्यांनी रिकामा ग्लास वर धरला. "अर्धा नको. अख्खा आणा."

"आणते की. पण पंप तर जायचेत ना?"

"कोण म्हणालं?" रेडपाथसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आता कंपनीचा माणूस बराच कमी झाला होता. "राहू देत पंप. मी सांगतो कचेरीला. मला काही इथून उठायची घाई नाही."

मेव्हिसनं दांडा ओढला. तिच्या आईनं ओढला असता तसा, सावकाश, मनगट न हलवता. नॉर्मन शेजारी चुळबुळत उभा होता.

"मेव्हिस, मी जाऊन त्यांना जरा सोडवू का?"

"नॉर्मन, मी तुला काय करायला सांगितलंय?"

"काहीही नाही."

"मग?"

नॉर्मन जरा बाजूला उभा राहिला आणि श्वास घेऊ लागला.